वचन आणि वही

प्रार्थनेला आणि पवित्र शास्त्राच्या अभ्यासाला जोड म्हणून ठेवलेली वैयक्तिक वही दिसायला रोजनिशीसारखी असली, तरी तिचे काम वेगळे आहे. रोजनिशीत लिहिणारा आपल्या दिवसाचा वृत्तान्त नोंदवतो. प्रार्थनेच्या वहीत तो आधी शास्त्रातला एक उतारा वाचतो, त्यात काय सांगितले आहे ते आपल्या शब्दांत उतरवतो, त्याचे मनन करतो आणि त्या मननातून जे सुचेल ते देवाला उद्देशून लिहितो. या वहीत पहिला शब्द लिहिणाऱ्याचा नसतो, आणि तिचे सारे बळ त्यातच आहे. आधी वचन, मग मनन, मग प्रार्थना हा क्रम सांभाळला गेला तर वही माणसाला घडवते, आणि तो उलटला तर ती हळूहळू स्वतःच्या मनःस्थितीचे टिपण होऊन बसते, असे ख्रिस्ती इतिहासातल्या नामांकित वह्या पाहिल्यावर म्हणावे लागते.

वचन स्वतःच्या हाताने लिहून काढावे ही कल्पना शास्त्राइतकीच जुनी आहे. अनुवाद या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात इस्राएलच्या राजाने कसे वागावे याचे नियम आले आहेत. त्यांत घोडे, बायका आणि सोनेरुपे यांचा साठा करू नये असे सांगून झाल्यावर, राजाने नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती जवळ बाळगावी आणि जन्मभर वाचावी, म्हणजे आपल्या भाऊबंदांहून आपण कोणी मोठे आहोत असा ताठा त्याच्या मनात येणार नाही, असे बजावले आहे. स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रे हा याच परंपरेचा दुसरा पदर होय, कारण त्यांत स्तुतीबरोबरच तक्रार, भीती, संताप आणि एकटेपणाही देवापुढे लेखी मांडलेला आहे. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन यांनी आपले आत्मनिवेदन लिहायला घेतले, तेव्हा तो संपूर्ण ग्रंथ त्यांनी देवालाच संबोधून लिहिला. ती रोजची वही नव्हे, परंतु आपल्या आयुष्याची हकिकत प्रार्थनेच्या रूपात लिहिता येते हे त्या ग्रंथाने पुढच्या पिढ्यांना दाखवून दिले.

वहीचा पद्धतशीर वापर मात्र ठळकपणे दिसतो तो सोळाव्या शतकात, स्पेनमधील इग्नेशियस लोयोला यांच्याकडे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झाल्यावर हा सरदार घरी अंथरुणाला खिळून राहिला आणि हाताशी असलेली दोनच पुस्तके, एक ख्रिस्तचरित्र आणि दुसरे संतचरित्रांचे, वाचत राहिला. त्यांतले सार तो एका वहीत उतरवून घेऊ लागला. त्याच्या आत्मकथनात म्हटल्याप्रमाणे ख्रिस्ताचे शब्द तो लाल शाईने आणि मरियेचे निळ्या शाईने लिही, आणि ही वही वाढत जाऊन जवळपास तीनशे पानांची झाली. याच काळात त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा वाटे, पण ती ओसरल्यावर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार केला की तो विचार सरल्यावरही समाधान टिकून राही. मनात उठणाऱ्या प्रेरणांची अशी पारख करून कोणती देवाकडची आणि कोणती नव्हे हे ओळखण्याच्या साधनेला ख्रिस्ती परंपरेत आत्म्यांची पारख म्हणतात, आणि ज्याच्याजवळ कालच्या मनाची काहीच नोंद नाही त्याला ती करणे फार अवघड जाते.

इग्नेशियस यांनी पुढे स्थापन केलेल्या जेझुइट संघात, म्हणजेच येशूसंघात, ही साधना नियमबद्ध झाली. १५४८ साली पोपच्या मान्यतेने छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेत विवेकपरीक्षणाची, म्हणजे दिवसभराच्या आचरणाकडे देवासमक्ष वळून पाहण्याची, एक अगदी व्यवहारी रीत दिलेली आहे: एखादा विशिष्ट दोष निवडावा, आठवड्यातल्या प्रत्येक दिवसासाठी रेघा आखाव्यात, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर स्वतःला तपासून जितक्या वेळा घसरण झाली तितके ठिपके त्या रेघेवर द्यावेत, आणि दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी ताडून पाहावा. त्यांची स्वतःची १५४४ आणि १५४५ या वर्षांतली जी आध्यात्मिक रोजनिशी उरली आहे, तीत संघाने कितपत निर्धन राहावे या एका प्रश्नाचा निर्णय करताना मिस्सेच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेच्या, वेळी आलेले अनुभव आणि आलेले अश्रू त्यांनी दिवसागणिक नोंदवले आहेत. एवढ्या कडक शिस्तीचा माणूस निर्णयाआधी इतके दिवस थांबतो आणि ते थांबणे लिहून ठेवतो, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. याच संघाचे लोक १५४२ पासून गोव्यात आले, आणि १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे होते. येशूच्या चरित्रातला एकेक प्रसंग डोळ्यांपुढे उभा करून त्यावर मनन करणे हा या संघाच्या साधनेचा गाभा होता.

प्रॉटेस्टंट पंथांमध्ये वहीला वेगळ्याच कारणाने महत्त्व आले. धर्मगुरूजवळ जाऊन पाप कबूल करण्याचा संस्कार या पंथांनी मागे टाकला, तेव्हा स्वतःच्या अंतःकरणाची झडती घेण्याचे काम ज्याच्या त्याच्यावर येऊन पडले, आणि इंग्लंडमधील प्युरिटन लोकांनी, म्हणजे चर्चची आणि जीवनाची शुद्धी व्हावी असा आग्रह धरणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी, त्यासाठी वही जवळ केली. १६५६ साली जॉन बीडल या पाळकाने अशी वही कशी ठेवावी यावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले, आणि त्याच्या नावातच कृतज्ञ ख्रिस्ती माणसाची रोजनिशी असा उल्लेख आहे. देवाने केलेले उपकार विसरले जातात, म्हणून ते लिहून ठेवावेत, हा त्यामागचा विचार होता. पापांची यादी आणि उपकारांची यादी या दोहोंपैकी दुसरी ठेवणे अधिक कठीण असते, हे बीडलने ओळखले होते असे वाटते.

अमेरिकेतील धर्मचिंतक जोनाथन एडवर्ड्‌स यांची वही सर्वांत विलक्षण म्हणावी लागेल. सुमारे १७३० पासून त्यांच्याकडे एक अशी बायबल होती की तिची छोट्या आकाराची छापील पाने सुटी करून प्रत्येक दोन पानांमध्ये मोठा कोरा कागद घालून ती पुन्हा बांधलेली होती. ज्या वचनावर काही सुचले ते त्या वचनासमोरच्या कोऱ्या पानावर लिहायचे, अशा रीतीने त्यांनी आयुष्यभरात त्या पानांवर पाच हजारांहून अधिक टिपणे केली, आणि हा ग्रंथ आज येल विद्यापीठात जपून ठेवलेला आहे. या रचनेत एक मोठी सोय आहे. तारखेनुसार लिहिलेल्या वहीत लिहिणाऱ्याचे आयुष्य हा धागा असतो. वचनानुसार लिहिलेल्या वहीत शास्त्र हा धागा असतो, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचे आणि आजचे चिंतन एकाच ओळीसमोर शेजारी-शेजारी येते, आणि पूर्वी ज्या ठिकाणी शंका होती तेथे आता काय उमगले आहे हे वेगळे शोधावे लागत नाही.

मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७२५ साली ऑक्सफर्डमध्ये रोजनिशीला प्रारंभ केला. सांकेतिक खुणांनी भरलेल्या या खासगी वहीत पुढे तासातासाचा हिशेब येऊ लागला आणि प्रार्थनेत मन किती एकाग्र होते यालाही त्यांनी अंक दिले. लोकांसाठी छापलेले त्यांचे वृत्त निराळे, आणि त्यातली २४ मे १७३८ ची नोंद जगभर ठाऊक आहे, कारण त्या रात्री पावणेनऊच्या सुमारास लंडनमधील एका सभेत आपले अंतःकरण ऊबदार झाल्याचा अनुभव त्यांनी तीत सांगितला आहे. ही नोंद बहुधा त्या एका क्षणासाठी वाचली जाते. ती संपूर्ण वाचली तर दिसते की पहाटे पाचला त्यांनी नवा करार उघडला होता आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रातले एक वचन त्यांच्या नजरेस पडले होते, दुपारी सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये १३० वे स्तोत्र गायले जात असताना त्यांनी ऐकले होते, आणि रात्रीच्या सभेत रोमकरांस पत्राला मार्टिन ल्यूथर यांनी लिहिलेली प्रस्तावना वाचली जात होती. दिवसभर वचन कानी पडत होते, आणि अनुभव त्याच्या शेवटी आला. अनेक वर्षे अंकांनी मोजून जे हाती लागले नव्हते ते ऐकताना लाभले.

या क्रमाचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे सांगितले ते जॉर्ज म्युलर यांनी. प्रशियात १८०५ साली जन्मलेले म्युलर इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे स्थायिक झाले, १८३६ साली त्यांनी तेथे अनाथालय सुरू केले, आणि गरज फक्त देवाला सांगायची, माणसांकडे हात पसरायचा नाही, असा नियम ठेवून आयुष्यभरात दहा हजारांहून अधिक मुलांचा सांभाळ केला. हा नियम पाळायचा तर हिशेब काटेकोर ठेवणे भागच होते, म्हणून कोणत्या दिवशी काय हवे होते, काय मागितले आणि कोणत्या दिवशी काय आले, हे ते तारखांसह लिहीत, आणि याच नोंदींतून त्यांचे वृत्तान्त प्रसिद्ध होत गेले. १८४१ साली त्यांनी आपल्या सकाळच्या उपासनेत केलेला एक बदल नोंदवला आहे. पूर्वी ते उठल्याबरोबर प्रार्थनेला बसत आणि कितीतरी वेळ मन भरकटत राही. नंतर त्यांनी आधी शास्त्र उघडून थोडे थोडे वाचत त्यावर मनन करायला सुरुवात केली, तेव्हा प्रार्थना आपोआपच सुरू होते असे त्यांना आढळले. प्रार्थनेत लक्ष लागत नाही ही तक्रार प्रत्येक मंडळीत ऐकू येते, आणि तिच्यावर याहून साधा उपाय क्वचितच कोणी सुचवला असेल.

म्युलर यांच्या वहीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नोव्हेंबर १८४४ मध्ये त्यांनी पाच व्यक्तींच्या मनपरिवर्तनासाठी रोज प्रार्थना करायला आरंभ केला. पहिल्याला दीड वर्ष लागले, दुसऱ्याला आणखी पाच, तिसऱ्याला त्यानंतर सहा; उरलेल्या दोघांसाठी छत्तीस वर्षे उलटली तरी प्रार्थना चालूच होती, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले. तारीख घालून लिहिलेली विनंती माणसाला प्रामाणिक ठेवते, कारण उत्तर मिळाले तर तो योगायोग म्हणून विसरला जात नाही आणि मिळाले नाही तर मिळाल्याचा आव आणता येत नाही. या वृत्तान्तांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे, कारण आपल्यावर ज्या पुस्तकांचा ठसा उमटला त्यांत म्युलर यांच्या वृत्तान्ताचे नाव पंडिता रमाबाईंनी आपल्या साक्षीत घेतले आहे, आणि केडगावच्या मुक्ती मिशनचा कारभार देवावर भिस्त ठेवून चालवताना त्यांच्यापुढे ते उदाहरण होते. त्याच रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणली आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते काम पुरे केले. वचनाच्या एकेका शब्दापाशी इतका काळ थांबलेली दुसरी मराठी व्यक्ती सहज आठवत नाही.

आज वही ठेवू इच्छिणाऱ्याने कोठून सुरुवात करावी, याचे उत्तर एका छोट्या उताऱ्यातून देणे सोपे जाते. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा ओव्यांचे आहे. पहिल्या दोन ओव्यांत कोठवर हा प्रश्न चार वेळा आला आहे, पुढच्या दोहोंत मागणी आहे आणि शेवटच्या दोहोंत भरवसा आणि गायन आहे. वाचकाने प्रथम एवढेच लिहावे: कोण बोलतो, कोणाशी बोलतो, कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि वळण कोठे आहे. हे झाले निरीक्षण. त्यानंतर प्रश्न लिहावेत, उदाहरणार्थ चौथ्या आणि पाचव्या ओवीच्या मधे परिस्थिती बदलल्याचे स्तोत्र सांगत नाही, मग सूर कशाने बदलला? त्यानंतर स्वतःचा कोठवर लिहावा, जसे की घरातले आजारपण, रखडलेली नोकरी, तुटलेले बोलणे. आणि सर्वांत शेवटी स्तोत्राच्याच क्रमाने, म्हणजे तक्रार, मागणी आणि भरवसा या पायऱ्यांनी, आपली प्रार्थना लिहावी. ज्या दिवशी भरवशाची ओळ मनापासून लिहिता येत नाही त्या दिवशी ती जागा कोरी ठेवून तसे देवाला सांगणे हीही प्रार्थनाच आहे. बाराव्या शतकातील गीगो या कार्थुसियन मठवाशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतनमग्न शांतता अशा चार पायऱ्यांची शिडी सांगितली होती, आणि ही रीत तिच्याहून फार वेगळी नाही.

निरीक्षण आधी लिहिण्याचा आग्रह अभ्यासाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे, कारण आवडते वचन एकटे उचलण्याची सवय फार लवकर जडते. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातली अकरावी ओवी, जिच्यात देव आपल्या लोकांच्या हिताचे आणि आशेचे संकल्प सांगतो, ती भिंतीवरच्या तक्त्यांवर आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांत सर्रास आढळते. वहीत संपूर्ण अध्याय समोर ठेवून कोण कोणाला लिहितो असा प्रश्न केला की समजते की हे बाबेलच्या बंदिवासात गेलेल्या लोकांना पाठवलेले पत्र आहे, लगतच्या दहाव्या ओवीत सत्तर वर्षांची मुदत आहे, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता, आणि त्याआधी त्यांना तेथेच घरे बांधायला, बागा लावायला आणि ज्या शहरात बंदी म्हणून नेले त्याच शहरासाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. एवढे लिहून झाल्यावर त्या वचनातली आशा कमी होत नाही; उलट ती धीर धरणाऱ्यांची आशा ठरते, आणि वाचकाची प्रार्थनाही आपल्या अडचणीपुरती न राहता आपल्या गावाकडे वळते. दोन मराठी भाषांतरे शेजारी ठेवून जेथे शब्द बदलतो तेथे खूण करणे, ही आणखी एक सवय थोड्या वेळात पुष्कळ शिकवते.

रोज किती वाचावे याबाबत एकच नियम नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथील पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी केलेल्या वाचनक्रमात वर्षाला जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात, आणि तो क्रम आजही पाळला जातो; परंतु वहीसाठी त्यातल्या पाच-सात ओव्या पुरतात. कामावरून थकून आलेल्या माणसाने चार ओळी लिहिल्या तरी चालतात. काही दिवस खंड पडला तर मागची पाने भरून काढण्याच्या खटपटीत न पडता आजची तारीख घालून पुढे जावे, कारण खंडाची लाज वाटून वही कायमची मिटवली जाणे, हाच तिचा सर्वांत सामान्य शेवट आहे.

वहीचे धोके खरे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील मूळ रहिवाशांमध्ये काम करणारा तरुण मिशनरी डेव्हिड ब्रेनर्ड १७४७ साली क्षयाने एकोणतिसाव्या वर्षी एडवर्ड्‌स यांच्या घरी वारला, आणि त्याच्या रोजनिशीवरून एडवर्ड्‌स यांनी १७४९ साली प्रसिद्ध केलेले चरित्र पुढे विल्यम कॅरी यांच्या हाती पडले. सेरामपूरहून १८०५ साली मराठी व्याकरण छापणाऱ्या कॅरींना त्या पुस्तकाने मोठी स्फूर्ती दिली. तरीही त्यातली उदासी वाचताना जाणवत राहते, आणि ती अनुकरणीय नाही असे एडवर्ड्‌स यांनी प्रस्तावनेतच सांगून ठेवले होते. ज्याचे मन मुळातच स्वतःला टोचत राहणारे आहे, त्याने वहीत दोषांना जागा कमी आणि वचनाला व कृतज्ञतेला जागा अधिक द्यावी, आणि ज्याला लिहिल्यावर दिवसेंदिवस अधिकच खचल्यासारखे वाटते त्याने ती बाजूला ठेवून पाळकाशी, धर्मगुरूशी किंवा डॉक्टरांशी बोलावे. शास्त्राने वही ठेवण्याची आज्ञा कोणालाही दिलेली नाही, आणि शतकानुशतके बहुसंख्य ख्रिस्ती लोक लिहिता-वाचता न येताही प्रार्थनेत मुरलेले होते.

वही कोणी वाचावी हा प्रश्न उरतो, आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही, कारण कोणीतरी वाचील या जाणिवेने प्रार्थनेची भाषा नकळत बदलते, आणि दुसऱ्यांसाठी केलेल्या प्रार्थनांत त्यांची गुपितेही असतात. त्यासाठी नावांऐवजी आद्याक्षरे वापरणे हा जुना आणि चांगला उपाय आहे. ब्रेनर्डने आपल्या सुरुवातीच्या दोन वह्या नष्ट करायला सांगितल्या. इग्नेशियस यांनी आपले आत्मकथन लिहून घेणाऱ्या सहकाऱ्याला कागदांचा मोठा गठ्ठा दाखवला, त्यातला काही भाग वाचूनही दाखवला, पण त्याने तो पाहायला मागितला तेव्हा दिला नाही. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड १९६१ साली विमान अपघातात मरण पावले, तेव्हा त्यांच्या न्यूयॉर्कमधील घरी चिंतनाची हस्तलिखिते सापडली. सोबत एका मित्राच्या नावे चिठ्ठी होती, आणि योग्य वाटल्यास छापावे अशी मुभा तीत दिलेली असल्यामुळे ते पुस्तक १९६३ साली स्वीडनमध्ये प्रसिद्ध होऊ शकले. आपल्या वहीचे पुढे काय व्हावे, ती जाळावी, घरच्यांनी ठेवावी की मुलांनी वाचावी, याबद्दल अशीच एक चिठ्ठी तिच्या पहिल्या पानात घालून ठेवणे प्रत्येकालाच शक्य आहे, आणि ते काम वही सुरू करतानाच उरकून टाकले म्हणजे पुढच्या पानांवर मोकळेपणाने लिहिता येते.